निळ्या रंगाचे रविवार

मला अजूनही रंगांची स्वप्नं पडतात. दुपारी जेवून जरा आडवं झालं, की डोळे मिटता मिटता समोर काचेची नळी येते. तिच्यात निळं पाणी असतं आणि मी वाट बघत बसते, की आता याचं काय होणार. कधी ते हळूच हिरवं होतं. कधी पिवळं. कधी नारिंगी होत होत शेवटी विटेसारखं लाल आणि गढूळ होतं. मग मी दचकून उठते आणि स्वतःलाच म्हणते, अगं बाई, तू रिटायर झालीस, झोप आता.

दिवाळीच्या अंकात चकल्या-अनारशांच्या शेजारी लघवीविषयीचा लेख येणार, याबद्दल वाचकांची आधीच माफी मागते. संपादकबाईंना मी बजावून सांगितलं होतं, की अहो, माझा जन्म त्यातच गेला, मी दुसरं काय लिहिणार? त्या म्हणाल्या, लिहा बिनधास्त. मग काय, लिहिते बिनधास्त.

मी नर्स. अंबरनाथला एका ट्रस्टचा धर्मादाय दवाखाना होता, तिथं मी उमेदीची वर्षं काढली. आठवडाभर खोकले, ताप, कारखान्यात भाजलेले हात. पण रविवार माझा स्वतःचा असायचा. रविवारी सकाळी दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात मी मुलांची शाळा भरवायचे. ही मुलं मधुमेहाची. मोठ्या माणसांना मधुमेह होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत, लहान पोरांनाही तो होतो, हे कुणाच्या गावीही नव्हतं. आणि मुलांचा मधुमेह वेगळा असतो. त्यांच्या अंगात इन्शुलिन तयारच होत नाही. ते बाहेरून द्यावं लागतं, रोज, सुईनंच, आणि जन्मभर. बंद केलं तर थोड्याच दिवसांत मूल हातचं जातं. तिथं काढा चालत नाही, कारल्याचा रस चालत नाही, अंगारा चालत नाही. हे मी इतक्या आईबापांना सांगितलंय, की झोपेतसुद्धा बडबडत असेन.

माझं काम मुलांना टोचायचं नव्हतं. टोचायला काय, कुणीही टोचेल. मुलांनी स्वतःला टोचून घ्यायला शिकायचं, आपली लघवी आपण तपासायची, शुगर उतरली की आपली आपल्याला कळायला हवी, खिशात साखर ठेवायची, वेळेवर खायचं, आणि कुणी विचारलं की न लाजता सांगायचं. थोडक्यात, आई बाजारात गेली, बाप पाळीवर गेला, तरी पोर जिवंत राहिलं पाहिजे. एवढाच माझा अभ्यासक्रम.

तो व्हरांडा मला आता खरा वाटत नाही इतका छान आठवतो. सकाळचं ऊन जाळीतून फरशीवर यायचं. हवेत कारखान्यांचा आंबूसगोड वास असायचा, त्यात स्पिरिटचा वास मिसळायचा. एका ओळीत स्पिरिटचे दिवे. त्यांची ज्योत दिवसा दिसत नाही, नुसती हवा थरथरते, म्हणून पहिला धडा हात न भाजण्याचा. मग नळीत निळं औषध घ्यायचं, ड्रॉपरनं लघवीचे थेंब टाकायचे, चिमट्यात धरून उकळायचं आणि थांबायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं-नारिंगी म्हणजे जास्त, आणि विटकरी म्हणजे धावा डॉक्टरांकडे. त्या थांबण्याच्या वेळात व्हरांड्यात अशी शांतता पसरायची, की लांबून मालगाडीचे डबे जोडल्याचा आवाज ऐकू यायचा. सगळी पोरं आपापल्या नळीकडे डोळे लावून बसलेली. कुणाचं निळं राहिलं, की बाकीचे टाळ्या वाजवायचे. ती पद्धत मी घातली नव्हती, पोरांनीच पाडली. मला गोड वाटायचं ते.

आमच्या गावातून वालधुनी वाहते. नदीच ती, पण सगळे नालाच म्हणायचे. कारखान्यांतून जे सुटेल त्या रंगाची ती व्हायची. सोमवारी जांभळी, बुधवारी हिरवी. पुलावरून येताना माझी पोरं खाली वाकून बघायची आणि व्हरांड्यात येऊन सांगायची, "सिस्टर, आज नाल्याची शुगर लय वाढली. विटकरी आलाय!" मी म्हणायचे, "मग द्या त्याला इंजेक्शन, मला काय सांगता!"

सुई टोचायला आधी मोसंबं. मोसंब्याची साल आणि माणसाची कातडी, दोन्हींत सुई जाताना बोटाला जवळजवळ सारखंच जाणवतं. मोसंब्यावर हात बसला, की मग माझा दंड. मिठाचं पाणी भरून पोरं माझ्या दंडाला टोचायची. माझा डावा दंड म्हणजे शाळेची पाटी होता, येईल तो गिरवून जायचा. आमचे डॉक्टर तसे अबोल गृहस्थ, पण एकदा हसून म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला पेन्शनबरोबर नवा दंड द्यायला हवा." तिसरी पायरी म्हणजे स्वतःची मांडी. तिथं भलेभले रडायचे. मी रडू द्यायचे. रडून झालं की म्हणायचे, "झालं? आता टोच."

बदलापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातून पांडू नावाचा आगरी मुलगा यायचा, त्याच्या आज्याबरोबर. शेतीवाडीचं घर, वीज कधी असायची कधी नाही, त्यामुळे इन्शुलिन थंड कुठं ठेवणार हा प्रश्न. ओल्या वाळूत मडकं ठेवून औषध गार कसं राखायचं, ते मी समजावत होते, तर आजा म्हणाला, "बाय, तुमचा फिरीज आमच्याकरं नाय. पन इहिरीचा पानी लय गार हाय." आणि खरंच, डब्यात बाटली, डब्याला दोरी, डबा विहिरीत. सकाळी अख्खं गाव पाणी भरायला आलं, की बायका ओरडायच्या, "पांडूचं औषद हाय, घागर जपून सोरा!" तो पांडू कमरेला साखरेची पुरचुंडी बांधून शाळेत जायचा. एकदा वर्गात पाय लटपटायला लागले, घाम फुटला, त्यानं पुरचुंडी सोडून तोंडात साखर टाकली. गुरुजी छडी घेऊन आले. पांडू उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, माजी शुगर उतरलीय. मी आदी खातो, मंग मारा." गुरुजींनी छडी खाली ठेवली. त्याचा आजा हे सांगताना हसून हसून खोकायला लागला, आणि मी त्या दिवशी घरी जाताना उगाचच गाणं गुणगुणत होते.

पण मला सांगायचं आहे ते दीपाचं.

दीपा उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधली, सिंधी घरातली. वडिलांचा पापडांचा धंदा. खाली पीठ मळायचं, वर गच्चीवर पापड वाळत. अकरा-बारा वर्षांची, दोन वेण्या, डोळे सगळीकडे. तिची आई लाजवंती पहिल्यांदा आली तेव्हा तिला कडेवर घेऊन आली होती, एवढी मोठी मुलगी! वजन उतरून पोरीची नुसती काडी झाली होती. तिला वाचवली डॉक्टरांनी, मग माझ्या ताब्यात दिली. लाजवंती मला पहिल्या दिवसापासून 'अदी' म्हणायची. सिंधीत अदी म्हणजे बहीण. मराठी तिला कळायची, बोलायची ती हिंदीतच, आणि दर दोन वाक्यांनंतर डोळे पुसायची.

दीपा मात्र रडली नाही. मोसंबं तिनं एका सकाळीत पार केलं. इन्शुलिनची बाटली जोरात हलवायची नसते, दोन तळव्यांत धरून हळूहळू फिरवायची असते, म्हणजे खाली बसलेला पांढरा गाळ वर येतो. बाकीची पोरं हे घाईघाईत उरकायची. दीपा बाटली उजेडात धरून इतकी हळू फिरवायची, की मला बघता बघता गुंगी यायची. एकदा म्हणाली, "सिस्टर, यात बादल आहेत. आता बादल माझ्या आत जाणार." मी म्हटलं, "जाणार, आणि पाऊस नाही पडला पाहिजे, नीट टोच." टिचकी मारून बुडबुडा घालवायचा, सुई सरळ, चिमटीत कातडी. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता.

घरी मात्र तिला सुईला कुणी हात लावू देईना. सुई वडील द्यायचे, लाजवंती तोंड फिरवून उभी राहायची. मी परोपरीनं सांगितलं, अहो, तिला येतंय, घेऊ द्या तिची तिला. लाजवंती म्हणायची, "नहीं अदी, बच्ची है. अपने हाथ से अपने को सुई? हमारे जीते जी?" तिचंही बरोबरच होतं. आईचा जीव. फक्त लघवीची तपासणी तेवढी दीपाकडे दिली होती. रोज सकाळी दीपा मोरीत नळी तयार करायची, लाजवंती ती स्टोव्हवर उकळायची, आणि रंग बघायची. निळा आला की नळी झुलेलालच्या तसबिरीपुढे ठेवून हात जोडायची. नारिंगी आला की जेवायची नाही.

मग श्रावणाच्या आसपास चालीहो आला. झुलेलाल हा सिंधी लोकांचा पाण्याचा देव. त्याचं हे चाळीस दिवसांचं व्रत. लाजवंतीनं ते धरलं. पोरीचा आजार मुळापासून जावा, एवढंच मागणं. एक वेळ साधं जेवण, जमिनीवर झोपणं, अनवाणी देवळात जाणं. व्रत धरण्यापूर्वी ती मला सांगायला आली होती. मी म्हटलं, "धर. पण सुई चालू ठेव. सुई देवाच्या आड येत नाही." ती हसली. त्यानंतर मायलेकी रविवारी यायच्या बंद झाल्या. पावसाचे दिवस, मला वाटलं देवळाच्या गडबडीत असतील. एकदा निरोप धाडला, तर उत्तर आलं, सब ठीक है, अदी, बहुत ठीक है. माझ्या व्हरांड्यात तेव्हा नवी दोन पोरं आली होती, मी त्यांच्या मोसंब्यांत गुंतले.

व्रत संपल्यावरच्या रविवारी ती आली. मला ती सकाळ लख्ख दिसते. पाऊस उघडून ऊन पडलं होतं, फरशी ओली होती, आणि लाजवंती हातात मोठा डबा घेऊन पायऱ्या चढत होती. वाळून निम्मी झाली होती बाई, पण चेहरा असा उजळला होता, की मी बघतच राहिले. मागून दीपा, चापूनचोपून वेण्या घातलेली, मान खाली. डब्यात ताहिरी होती, त्यांचा गोड भाताचा प्रसाद. लाजवंतीनं माझ्या हातावर प्रसाद ठेवला आणि म्हणाली, "अदी, सुन लिया उसने. रोज नीला. रोज! चालीहो में पन्द्रह दिन भी नहीं हुए थे, तब से नीला ही नीला."

मला बरं वाटलं. का नाही वाटणार? कधीकधी आजाराच्या सुरुवातीला इन्शुलिन कमी लागतं, असं होतं. मी विचारलं, "आणि सुई किती देताय आता?"

"बन्द." ती म्हणाली. "दो हफ्ते हो गये. रोज नीला देखके इसके पापा भी मान गये. जब उसने ठीक कर दिया, फिर भी सुई लगाऊँ, तो वो क्या बोलेगा? कि मुझ पर भरोसा नहीं?"

माझ्या हातातला प्रसाद तसाच राहिला.

तिनं पिशवीतून स्टीलची डबी काढली. त्यात काचेची सिरिंज, स्पिरिटमध्ये ठेवलेली. शेजारी इन्शुलिनचं खोकं ठेवलं. "ये किसी और बच्चे को दे देना, अदी. शीशी नयी है, खोली भी नहीं. ले आये थे और दूसरे दिन ही बन्द कर दी. फ्रीज में पड़ी थी."

 दोन आठवडे सुई नाही. अशी मुलं मी पाहिली होती. त्यांना उचलून आणावं लागतं, श्वासाला पिकलेल्या फळांचा वास येतो, डोळे खोल जातात. आणि ही दीपा तर माझ्यासमोर आपल्या पायांवर उभी होती, गालांवर थोडा रंग होता, बाकीच्या पोरांकडे बघत होती. ती उभी होती, हेच मला कळेना. मी खोकं उघडलं. बाटलीचं ॲल्युमिनियमचं झाकण उडवलेलं होतं. रबरावर सुईच्या खुणा होत्या. औषध बरंच खाली गेलं होतं.

मी खोकं मिटलं. दीपानं माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं की मला कळलं.

"लाजवंती," मी म्हटलं, "आत डॉक्टर आहेत, त्यांना प्रसाद देऊन ये. आणि बाकीच्या मुलांच्या आयांनाही दे." ती आनंदानं गेली. मी दीपाला व्हरांड्याच्या टोकाला नळाजवळ नेलं.

"कुठं घेत होतीस?"

"वर. गच्चीवर." ती हळू बोलत होती, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, तिची नेहमीची भाषा. "पापड वाळतात ना, त्याच्या मागे. अमां सकाळी देवळात जायची. मी फ्रीजमधून काढायची, वर जायची, घ्यायची, परत ठेवायची. सिस्टर, बराबर घेतली मी. जागा पण बदलली रोज. बुडबुडा काढला."

"आणि निळा?"

 नळातून थेंब थेंब पाणी पडत होतं. तिनं नळाकडे बोट दाखवलं.

मग सगळं बाहेर आलं. व्रताच्या सुरुवातीच्या दिवसांत एका सकाळी लाजवंतीला भोवळ आली आणि ती मोरीत पडली. आदल्या दिवशी नळी नारिंगी आली होती म्हणून ती जेवली नव्हती. दुसऱ्या सकाळी दीपानं नळीत लघवी टाकलीच नाही, नळाचं पाणी टाकलं. पाण्यात साखर कुठली? निळं ते निळंच राहणार. "नीला आया तो अमां हँसी," दीपा म्हणाली. "बहुत दिन बाद हँसी. तिनं खाल्लं पण. मग मी रोज केलं. सिस्टर, मला वाटलं, झुलेलाल पाण्याचाच देव ना? मग पाणी टाकलं तर त्याला राग नाही येणार."

 तिला वाटलं होतं, आई हसतेय तोवर हसू दे, सुई तर वडील देतातच. पण एक दिवस आईनं सुईच बंद केली. तिथं ही अकरा-बारा वर्षांची पोर सापडली. खरं सांगावं तर आईचं व्रत खोटं ठरतं, न सांगावं तर जीव जातो. माझ्या शाळेतली कुठलीच मोसंबी याच्या उपयोगाची नव्हती. तिनं तिचा मार्ग काढला. रोज सकाळी आईसाठी पाण्याचा निळा, आणि मग गच्चीवर, वाळत्या पापडांच्या आड बसून, स्वतःसाठी बादल.

 सांगते खरं खरं, मला तिला जवळ घेऊन गदागदा हलवावंसंही वाटलं आणि तिच्या पाया पडावंसंही वाटलं. घाबरले होते मी. एक दिवस लाजवंती देवळात गेली नसती, तर? एक दिवस बाटली हाती लागली नसती, तर? आणि आता तर बाटली माझ्या टेबलावर होती. उद्या सकाळी दीपाच्या फ्रीजमध्ये काहीच नसणार होतं.

"सिस्टर," ती माझा पदर धरून म्हणाली, "तुम्ही बोला ना. इथं चेक केलं, परत आला, असं बोला. अमां तुमचं ऐकते. सुई परत चालू होईल. बस्स. तिला पाण्याचं नका सांगू."

मोह झाला मला. किती सोपं होतं! इथं तपासायचं, नारिंगी येणारच, मी म्हणणार, आजार परत आला, लाजवंती, सुई चालू कर. पोर वाचली, आईचा देव वाचला, कुणाचं वाईट झालं नाही. मी त्या वाक्याची सुरुवातसुद्धा मनात जुळवली होती. मग डोळ्यांसमोर पुढचा श्रावण आला. परत आला म्हणजे एकदा गेला होता. एकदा गेला होता म्हणजे पुन्हा जाऊ शकतो. लाजवंती पुन्हा व्रत धरणार, पुन्हा पडणार, आणि एक दिवस पुन्हा सुई बंद करणार. तेव्हा बाटली घरात नसली तर?

"दीपा," मी म्हटलं, "'परत आला' असं मी सांगितलं, तर अमां पुढच्या वर्षी पुन्हा चालीहो धरेल. पुन्हा मोरीत पडेल. तू किती दिवस पाणी टाकशील?"

ती नखानं भिंतीचा चुना खरवडत राहिली.

"मी तुझ्या शेजारी उभी राहीन. पण सांगायचं तू."

"मारेगी वो."

"मारेल बहुतेक."

तिनं नळ घट्ट बंद केला. फ्रॉकला हात पुसले. आणि माझ्या आधी चालायला लागली.

लाजवंती परत आली होती, डबा रिकामा झाला होता, त्या आनंदात ती काहीतरी सांगत होती. बाकीची पोरं नळ्या घेऊन आपापल्या दिव्याशी बसलेली. दीपा टेबलापाशी जाऊन उभी राहिली, हात मागे बांधून, शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तशी.

"अमां, नीला मैंने किया."

"क्या?"

"ट्यूब में. नल का पानी डालती थी. रोज. तू गिर गयी थी ना, उसके बाद से. और तूने सुई बन्द की, तो मैं ऊपर जाके खुद लेती थी."

लाजवंती हसतच माझ्याकडे वळली. "अदी, ये क्या बोलती है?"

मी खोकं उघडून बाटली तिच्या हातात दिली. तिनं झाकण पाहिलं. औषध पाहिलं.  मग तिचा हात उठला आणि दीपाच्या गालावर असा बसला, की दिव्यांपाशी बसलेली सगळी पोरं दचकली. दीपा जागची हलली नाही. मी मधे पडले नाही. पडायला हवं होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही.

लाजवंतीनं बाटली टेबलावर ठेवली. दीपाचा हात ओढून घेतला, बाही वर सरकवली आणि दंडावरचे बारीक ठिपके बघायला लागली. एकेका ठिपक्यावर बोट ठेवत होती.

"पकड़ा किसने तुझे?"

"किसी ने नहीं."

"अकेली?"

"हाँ."

लाजवंती मटकन खाली बसली, ओल्या फरशीवर. रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. एरवी दर दोन वाक्यांनी डोळे पुसणारी ती बाई त्या दिवशी कोरड्या डोळ्यांनी पोरीकडे बघत होती, जणू ही मुलगी तिनं आधी कधी पाहिलीच नव्हती. व्हरांड्यात कुणाची तरी नळी उकळत होती, तेवढाच आवाज.

"तो ये कभी नहीं जायेगा?" तिनं विचारलं. मला नाही, दीपाला.

मी तोंड उघडलं होतं. डॉक्टर आतून दारात येऊन उभे राहिले होते, त्यांनीही उघडलं असेल. पण दीपा आमच्याआधी बोलली, अगदी साध्या आवाजात, उद्या शाळेला सुट्टी नाही हे सांगावं तसं.

"नहीं अमां. पर मुझे आता है."

लाजवंती उठली. तिनं पदरानं पोरीचा गाल पुसला. मग टेबलावरची स्टीलची डबी आणि बाटली उचलली, आणि दोन्ही दीपाच्या हातात दिल्या.

"ले," ती म्हणाली. "सँभाल."